गवती चहा: ठोंब लावण्यापासून कप भरेपर्यंत

आमच्या शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करा, झोप सुधारेल. काकूंनी मुकाट्याने ऐकलं. दुधाचा चहा सोडला आणि रात्री जेवण झाल्यावर ‘हिरवा चहा’ घ्यायला लागल्या. महिनाभराने मला म्हणाल्या, "अगं, झोपेचं काही जमेना, आणि हल्लीचा हिरवा चहा कडू तरी किती!" डबा बघितला तर ग्रीन टी. काकूंच्या माहेरी गवती चहालाच हिरवा चहा म्हणत. मुलाने दुकानातून नावाबरहुकूम आणलेला डबा मात्र खऱ्या चहाच्या झाडाचा होता, कॅफिनसकट.

म्हणून लावणीकडे वळण्याआधी हा घोळ मिटवून टाकू. काळा चहा, ग्रीन टी, आपली रोजची दाणेदार चहापूड हे सगळं एकाच झुडपाच्या पानांचं, आणि त्यात कॅफिन असतंच. गवती चहा म्हणजे अक्षरशः गवत. ऊस, ज्वारी, मका ज्या कुळातले, त्याच कुळातला. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन सिट्रेटस, संस्कृतातलं भूस्तृण, आणि दुकानातल्या पाकिटावर लेमनग्रास. त्याच्या पातीत कॅफिन नाही. घोटाळा आपण करतो, कारण बहुतेक घरांत ही पाती चहापुडीबरोबरच उकळली जाते. त्या कपातलं कॅफिन चहापुडीचं असतं आणि नाव गवती चहाचं होतं. रात्री झोपेआधी प्यायचा असेल किंवा चहाची सवय कमी करायची असेल, तर चहापूड वगळून नुसत्या पातीचा करायला शिकावं लागेल. ते सोपं आहे, आणि एकदा कुंडीत ठोंब लागला की जवळजवळ फुकटही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण पुढचे अर्धे नियम तिच्यावर उभे आहेत. या पातीचा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. गवती चहाच्या तेलात ते साधारण ७० ते ८० टक्के असतं. लिंबाच्या सालीच्या तेलात ते जेमतेम काही टक्के, म्हणून ही पाती लिंबापेक्षाही जास्त ‘लिंबू’ वाटते. हे तेल उडून जाणारं आहे. उन्हाने उडतं, उघड्या पातेल्यात उडतं, डब्याचं झाकण सैल राहिलं तरी उडतं. स्वयंपाकघरभर छान वास सुटला की समजा, तेवढा कपातून गेला.

१. ठोंब कुठून आणायचा

बी शोधत बसू नका. आपल्याकडच्या गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो, आणि तो पसरला तो ठोंब फोडून, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात. तुम्हाला मिळणारा फुटवा हा कुणाच्या तरी आजीच्या ठोंबाचा तुकड्याचा तुकडा असतो. त्यामुळे पहिली जागा म्हणजे ओळखीचे लोक. गावी न्हाणीघराच्या सांडपाण्याकडेला, विहिरीच्या काठाला किंवा परसात केळीजवळ हा हमखास असतो, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हणत नाही. फक्त पाती मागू नका, ‘मुळासकट दोन-चार काड्या द्या’ म्हणून सांगा.

भाजीबाजारात आलं आणि पुदिन्याशेजारी जी जुडी मिळते ती वरून कापलेली पाती असते. ती चहाला उत्तम, पण मातीत खोचली तर नुसती वाळते. कधीकधी मात्र भाजीवाल्या मावशींकडच्या जुडीत एखादी काडी बुडख्यासकट आलेली असते. खाली पांढरट, कांद्याच्या पातीच्या टोकासारखा फुगीर भाग आणि त्याच्या तळाशी टणक चकती दिसली, तर ती काडी बाजूला काढा. मुळं नसली तरी चालतं. पेल्यात दोन बोटं पाणी घालून ती उभी करा, पाणी एक-दोन दिवसांआड बदला, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसायला लागतात. परदेशात राहणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा. थाई किंवा व्हिएतनामी सामानाच्या दुकानात स्वयंपाकासाठी लेमनग्रासच्या काड्या मिळतात, त्यांची पाती छाटलेली असली तरी बुडखा शाबूत असतो. घेताना तळाची चकती कापलेली नाही ना, तेवढं पाहायचं.

नर्सरीतून घेणार असाल तर जरा सावध. दोन वर्षांपूर्वी मी एका नर्सरीतून ‘लेमनग्रास’ म्हणून भरगच्च कुंडी आणली. वाढ जोरदार, पाती कमरेपर्यंत. पहिल्याच दिवशी कौतुकाने चहा केला आणि घोट घेतल्यावर घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. डास पळवायचं मलम गरम पाण्यात कालवावं तशी चव. ते सिट्रोनेला होतं, गवती चहाचं सख्खं चुलत भावंड. दिसायला जवळपास सारखं, पण तेल वेगळं. ते डासांच्या औषधांत, साबणात आणि फरशी पुसायच्या द्रवांत जातं. तेव्हापासून माझा नियम असा: पाती चुरगळून वास घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. गवती चहाला लिंबाच्या सालीचा स्वच्छ वास येतो, मागे किंचित आल्यासारखी झाक. सिट्रोनेलाला गोडसर, उग्र, अगरबत्तीच्या अंगाचा वास येतो. सिट्रोनेलाचा बुडखा बऱ्याचदा तांबूस-जांभळट असतो, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, नाकावर जा.

तांबूस बुडखा आणखी एका भावंडाचाही असू शकतो. केरळात तेलासाठी लावतात तो सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस, ज्याचं तेल एकेकाळी कोचीन बंदरातून बाहेर जाई आणि कोचीनच्याच नावाने ओळखलं जाई. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ओडक्कालीला १९५१ पासून या गवताचं संशोधन केंद्र आहे. चव थोडी उग्र, पण चहाला चालतो. तिसरं भावंड तर आपल्याच मातीतलं, रोशा गवत. खानदेश आणि निमाडाच्या रानातल्या रोशाचं तेल मुंबईहून जहाजाने निघून तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. वास गुलाबाचा, त्यामुळे चहात घालायची कुणाला बुद्धी होत नाही.

२. लावणी

जून ते ऑगस्ट हा सगळ्यांत निर्धास्त काळ. पावसाळी हवेत काडी सहसा दगा देत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येही लागते, फक्त पाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. थंडीत लावली तर महिना-दीड महिना ढिम्म बसून राहते आणि नवखा माणूस ती मेली समजून उपटून टाकतो.

कुंडी लहान घेऊ नका. गवती चहाची मुळं दाट जाळं करतात, आठ इंची कुंडी ती सहा महिन्यांत भरून टाकतात. बारा ते चौदा इंच तोंडाची आणि तेवढीच खोल कुंडी, किंवा तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा, तळाला चार-पाच भोकं पाडून. माती कसलीही चालते, चिकट मात्र नको. मी अर्धी बागेतली लाल माती, पाव हिस्सा जुनं शेणखत आणि पाव हिस्सा वाळू किंवा विटांचा चुरा घेते. भोकांवर खापरीचा तुकडा ठेवायचा.

काडीची पाती वरून छाटून वीतभर ठेवा. कापायला जीव होत नाही हे कबूल, पण मुळं नसताना एवढ्या पातीला पाणी कुठून मिळणार? बुडखा दीड-दोन इंच मातीत जाईल इतकाच खोचा. त्याहून खोल गेला तर गाभ्यात पाणी साचून कुजतो. एका कुंडीत दोन-तीन काड्या पुरेत. अंगणात लावणार असाल तर दोन ठोंबांत दीड-दोन फूट अंतर सोडा, आणि पायवाटेपासून जरा दूर. त्याचं कारण कापणीच्या भागात येईल.

माझा पहिला ठोंब मी प्रेमाने मारला. बाल्कनीतली फरशी खराब होऊ नये म्हणून कुंडीखाली खोल बशी ठेवली होती, ऐन पावसाळ्यात ती कायम भरलेली. वरून पाती पिवळी पडायला लागली तशी मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. उपटून पाहिलं तेव्हा बुडखा बोटात लिबलिबीत झाला होता. पाण्याची आवड असलेलं गवत आहे हे, पण पाण्यात उभं राहणारं नाही.

३. ऊन, पाणी, खत

दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवं. सावलीतही जगतो, पण पाती लांब, लेची, फिकट होते आणि वास निम्मा. उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी, पावसाळ्यात बहुधा काहीच नाही, थंडीत मातीचा वरचा थर सुकल्यावर. दोन महिन्यांतून एकदा मूठभर शेणखत किंवा गांडूळखत. एवढ्यावर तो खूश असतो.

पातीच्या मागच्या बाजूला तपकिरी-तांबूस ठिपके आणि बोटाला लागणारी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ठोंब गच्च झाला आणि हवा खेळेनाशी झाली की येतो. फवारणी करू नका, ही पाती तुम्ही पिणार आहात. सगळी पाती जमिनीपासून चार बोटांवर कापून टाका आणि कुंडी मोकळ्या वाऱ्यात न्या. नवी फूट बहुतेकदा स्वच्छ येते.

बर्फ पडणाऱ्या देशात हे गवत बाहेर टिकत नाही. थंडी लागण्याआधी पाती वीतभर छाटून कुंडी घरात उजेडाच्या खिडकीशी घ्या, पाणी अगदी कमी करा. वसंतात पुन्हा बाहेर.

आणि हो, ‘बाल्कनीत गवती चहा लावला की डास येत नाहीत’ हे मी स्वतः कुंडीशेजारी बसून खोटं ठरवलेलं आहे. तेल पातीच्या आत असतं, ती चुरगळल्याशिवाय डासाला त्याचा पत्ताही लागत नाही. मधमाश्यांची गोष्ट मात्र गमतीची. घर सापडल्यावर इतर माश्यांना बोलावण्यासाठी त्या जो गंध सोडतात त्यात सिट्रल असतं, म्हणून मधपाळ रिकाम्या पेटीला या गवताच्या तेलाचं बोट लावून थवा बोलावतात.

४. कापणी

लावल्यापासून साधारण तीन महिन्यांनी, ठोंबाला आठ-दहा फुटवे आले की पहिली कापणी. त्याआधी मोह झालाच तर कडेची दोन-चार पाती घ्या. कापायचं कात्रीने किंवा विळ्याने, मातीच्या वर चार-पाच इंचांवर. पांढरा बुडखा आणि गाभ्यातला कोवळा कोंब सोडायचा, नवी फूट तिथूनच येते. पाती ओढून तोडू नका.

ओढू नका म्हणते ते ठोंबाच्या भल्यासाठी आणि तुमच्या बोटांच्याही. पातीच्या कडेला डोळ्यांना न दिसणारे दाते असतात, गवताच्या अंगच्या सिलिकाने टणक झालेले, आणि त्यांची टोकं शेंड्याकडे वळलेली. बुडाकडून शेंड्याकडे बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, बोट अडकतं आणि बारीक रेघ उमटते. रक्त जेमतेम येतं, पण त्याच हाताने लिंबू पिळायला घेतलं की कळतं. मुलांच्या उघड्या पोटऱ्यांना पायवाटेवरची पाती लागली की संध्याकाळी चुरचुर ठरलेली. आमच्या आजोळी आम्हाला सांगत, त्या ठोंबात साप असतो, जवळ जाऊ नका. साप मी कधी पाहिला नाही. बेडूक पाहिले, एकदा मांजरीची पिल्लं. पण गच्च ठोंबात खालचा पालापाचोळा वर्षानुवर्षं साचू दिला तर त्यात काहीही राहायला येऊ शकतं, तेव्हा वाळकी पाती वरचेवर काढत राहणं बरं.

पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कापायला येतो. थंडीत धीर धरा.

५. कपभर चहा, चहापुडीशिवाय

हा भाग सावकाश वाचा, कारण इथेच बहुतेकांचा गवती चहा ‘गवतासारखा’ लागतो.

एका कपाला चार-पाच लांब पाती. आधी पाण्याखाली धुवा, पातीच्या पन्हाळीत धूळ बसलेली असते, ती नुसतं बुडवून जात नाही, बुडाकडून शेंड्याकडे बोटांनी निपटावी लागते. मग दोन पद्धती आहेत. कात्रीने बोटभर तुकडे करायचे, किंवा आमच्या आजीसारखी सगळी पाती एकत्र धरून, दोनदा दुमडून, शेवटच्या पातीने गाठ मारून पुडकं करायचं. पुडकं टाकायच्या आधी तळहातांत एकदा पिळायचं. गाठीचा फायदा असा की गाळणीत बारीक काड्या येत नाहीत आणि उपसायला सोपं. तुकड्यांचा फायदा असा की अर्क जास्त उतरतो. पाहुणे असले तर मी गाठ मारते, एरवी तुकडे.

सव्वा कप पाण्याला आधण आणा. खळखळून उकळी आली की गॅस बंद करा. आता पाती टाका आणि लगेच झाकण ठेवा. सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यात पडू द्या, वास त्यांत असतो. गाळा. रंग फिकट पोपटी-पिवळा दिसला पाहिजे. तपकिरी झाला असेल तर जास्त उकळलं गेलं.

दहा मिनिटं खदखदा उकळण्याची सवय आपल्याला चहापुडीमुळे लागलेली आहे. चहापुडीला उकळीने रंग आणि तुरटपणा येतो, इथे उकळीने फक्त वास जातो आणि मागे शिजवलेल्या गवताची चव उरते. साखर लागतेच असं नाही. मी पहिल्या आठवड्यात अर्धा चमचा घातली, मग विसरले. मध घालायचा तर कप कोमट झाल्यावर. लिंबाचे दोन थेंब चालतात, जास्त नकोत, नाहीतर ते सरबत होतं. खरं सरबत करायचं असेल तर हाच अर्क दुप्पट पाती घालून करा, गार करा, गूळ आणि लिंबू घाला, वर चिमूटभर सैंधव. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता याला तोड नाही.

दुधाचा हवाच असेल त्यांनी काय करावं? चहापुडीऐवजी पाती, किसलेलं आलं आणि एखादी वेलची पाण्यात आधी उकळून घ्या आणि मगच दूध घाला. कच्चं आलं थेट दुधात गेलं तर त्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटू शकतं, उकळीने ते द्रव्य निकामी होतं. या कपाला चहाची चव येणार नाही, मसाला दुधाच्या जवळ जाईल. ज्यांना चहाचा तुरटपणाच हवा असतो त्यांचं याने समाधान होत नाही, हे आमच्या घरातल्या एका सदस्यावरून सांगते.

चहा एकदम सोडणं जमत नसेल तर उतरत्या क्रमाने जा. पहिल्या आठवड्यात चहापूड नेहमीच्या पाऊण, पाती दोन. मग अर्धी आणि तीन. मग पाव आणि चार. एकदम सोडल्यावर दोन-तीन दिवस डोकं दुखतं ते कॅफिन तुटल्यामुळे, आणि लोक त्याचा दोष बिचाऱ्या गवताला देतात.

६. घराघरांतले जुने उपयोग

आपल्याकडे गवती चहाची खरी आठवण येते ती पहिल्या पावसात भिजून आल्यावर. सर्दी-पडशाचा काढा प्रत्येक घरात वेगळा, पण सांगाडा साधारण असा: चार कप पाणी, दहा-बारा पाती, इंचभर ठेचलेलं आलं, सात-आठ तुळशीची पानं, चार मिरे, दोन लवंगा, लिंबाएवढा गूळ. पाणी आटून अडीच-तीन कप राहीपर्यंत मंद आचेवर. इथे उकळी लागते, कारण मिरे आणि आल्याचा तिखटपणा उतरायचा असतो. म्हणून मी बाकीचं आधी उकळते आणि पाती शेवटी, गॅस बंद करताना टाकून झाकते. आजी हे बघून हसली असती, पण वासाने मला बरोबर ठरवलं आहे.

ताप आल्यावर हा काढा गरम गरम पाजून पांघरूण घालून झोपवायचं, घाम आला की ताप उतरतो, ही समजूत नुसती आपली नाही. कॅरिबियन बेटांवर या गवताचं नावच ‘फीवर ग्रास’, म्हणजे तापाचं गवत, आणि तिथेही ते असंच उकळून देतात. आशियातलं गवत बोटींतून तिकडे गेलं आणि तिथल्या आज्यांनीही त्याचं तेच केलं. गरम द्रव पोटात जाणं, घसा शेकणं, नाक मोकळं होणं, अंगाला आराम पडणं हे याने नक्की होतं. ताप तीन दिवसांवर गेला तर मात्र काढ्यावर काढे देत बसू नये, रक्त तपासून घ्यावं. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा किंवा मलेरियाचा असू शकतो.

दुसरा जुना उपयोग पोटाचा. जड जेवणानंतर पोट फुगलं, गुबारा धरला, की आलं-पातीचा कपभर पाणीदार काढा. यात ओवाही घालतात. तिसरा वाफाऱ्याचा: मोठ्या पातेल्यात मूठभर पाती, वर पाणी, डोक्यावरून पंचा. याचा वास निलगिरीपेक्षा सौम्य, लहान मुलं कमी कुरकुरतात. अंग दुखत असेल तर पाती उकळलेलं पाणी आंघोळीच्या बादलीत ओतायची पद्धतही आहे.

झोपेसाठी म्हणून बरेच जण हा घेतात, ब्राझीलमध्ये तर तो शांत झोपेचा घरगुती चहा म्हणूनच प्रसिद्ध. तिथल्याच संशोधकांनी माणसांवर चाचणी घेतली, ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. झोप आणण्याचा किंवा घालमेल कमी करण्याचा परिणाम त्यांना आढळला नाही, अपायही आढळला नाही. मला तरी यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. शेजारच्या काकूंना आता नुसत्या पातीच्या चहाने झोप लागते म्हणतात. संध्याकाळचं कॅफिन पोटात जाणं बंद झालं, हेच त्याचं कारण असावं.

वजन उतरणं, रक्त शुद्ध होणं, साखर आटोक्यात येणं असले दावे पाकिटांवर भरपूर असतात. पाकीट खाली ठेवा. साखर न घालता प्यायलात तर कॅलरी जवळपास शून्य, एवढा फायदा पुष्कळ झाला. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सुचवला होता. त्यात गवती चहा नव्हता, तो आपण आपल्या हौसेने घातला, आणि मिरे मुठीने घालून दिवसातून चार-चार वेळा प्यायलो. नंतर छातीत जळजळ होते म्हणून दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलो, त्यात मीही होते.

७. कुणी जपून

दिवसाला दोन-तीन कप सर्वसाधारण निरोगी माणसाला पुरे. गरोदर बायकांनी रोजच्या रोज आणि कडक असा घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. मूत्रपिंडाचा आजार असलेले, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले, यांनीही रोजची सवय लावण्याआधी विचारावं. कुणाकुणाला रिकाम्या पोटी घेतल्यावर जळजळते, त्यांनी काहीतरी खाऊन घ्यावा.

लेमनग्रास तेलाची छोटी बाटली ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. शंभर किलो पातीतून अर्धा किलो किंवा त्याहून कमी तेल निघतं, यावरून त्याची तीव्रता समजा. ‘दोन थेंब चहात टाका’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कातडीला लावायचं तरी खोबरेल तेलात चांगलं पातळ करून, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचं.

८. वाळवण

पावसाळ्याच्या शेवटी एकदम भरपूर पाती हाती येते. धुऊन, फडक्यावर पसरून पाणी पूर्ण निथळू द्या. मग दहा-दहा पात्यांची सैल जुडी बांधून सावलीत, वारा लागेल अशा जागी उलटी टांगा. उन्हात घालू नका, दोन दिवसांत कडकडीत वाळते खरी, पण पिवळी पडते आणि वास पेंढ्याचा येतो. सावलीत पाच-सात दिवस लागतात. पाती वाकवल्यावर दुमडली तर अजून ओल आहे, कट् आवाज करून तुटली तर झाली. तेव्हाच कात्रीने बारीक करा आणि काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधाऱ्या फडताळात ठेवा. सहा महिने चांगली राहते. एका कपाला एक सपाट चमचा. बरणीच्या काचेला आतून दव धरलं तर ताबडतोब सगळं बाहेर काढा, बुरशीचा वास आलेली पाती परत वाळवून वापरायची नाही.

कमी पाती असेल तर ताजी तुकडे करून डब्यात घालून फ्रीझरमध्ये. रंग काळपट होतो, वास बराचसा टिकतो.

९. ठोंब फोडणं

दोन-तीन वर्षांत कुंडी इतकी गच्च होते की पाणी वरच्या वर वाहून जातं, मधले फुटवे वाळतात आणि पाती बारीक यायला लागते. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की हे काम काढा. आदल्या दिवशी पाती वीतभर छाटा आणि कुंडीला भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून कडेने ठोकत गड्डा बाहेर काढा. मुळांचं जाळं हाताने सुटत नाही, जुनी सुरी किंवा विळा घालून सरळ चार भाग करा, त्याला काही होत नाही. मधला वाळका भाग टाकून द्या, कडेचे पांढरे, टणक बुडखे ठेवा. दोन-तीन परत त्याच कुंडीत नव्या मातीत लावा.

उरलेले पंचवीस-तीस फुटवे निघतात, तेवढ्या कुंड्या कुणाकडेच नसतात. पाच-पाचच्या जुड्या करून मुळांना ओलं वर्तमानपत्र गुंडाळा, वरून पिशवीची गाठ मारा, पाती उघडीच राहू द्या. सावलीत ठेवलं तर असे तीन-चार दिवस ते सहज टिकतात. मी लिफ्टशेजारी बादलीत ठेवते आणि वर चिठ्ठी लावते: ‘गवती चहा. सिट्रोनेला नाही. वास घेऊन न्या.’